बडेबाबूंच्या काचेखाली

माझ्या सेवापुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझं पद 'टंकलेखिका' असं लिहिलेलं आहे. नोकरीला लागले तेव्हा ते खरंही होतं. हिंगोलीतल्या एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात मी टाइपरायटर बडवत होते. पुढे टाइपरायटर गेला, संगणक आला, त्याच्या मागून ई-मेल आला, आणि पडद्यावर इंग्रजी सूचना आली की जागेवरून न उठणारी मी एकटीच असल्यामुळे ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. शेवटची सोळा वर्षं मी संस्थेचा मेल सर्व्हर चालवला. काम बदललं, पद तेच राहिलं. ते बदलून मिळावं म्हणून मी एक अर्जही केला होता. त्याला उत्तर आलं नाही. एकदा विचारलं, पुन्हा विचारायचं नाही, असा माझा स्वभाव. नऊ वर्षं मी त्या अर्जाचं नाव काढलं नाही आणि अध्यक्षांशी कामापुरतं बोलले.

कनेरगाव नाक्याला माहेरी गेले की वहिनी अजून विचारते, "ताई, तुमी तिथं नेमकं करत काय होत्या?" तिला सांगितलं तसंच इथेही सांगते. साधा ई-मेल म्हणजे तुमच्या घराच्या दारावरची पत्रपेटी. पत्र तुमचं, वाचणार तुम्ही. पण आमच्या संस्थेच्या शाळा गोरेगावपासून शिरड शहापूरपर्यंत पसरलेल्या. वरून येणारं परिपत्रक सगळ्यांनीच वाचायचं. ते प्रत्येकाला वेगवेगळं पाठवत बसण्यापेक्षा एकच सामायिक फोल्डर करायचं, पत्र एकदाच ठेवायचं, आणि ज्याला अधिकार दिलाय त्याने आपापल्या गावातून येऊन वाचायचं. आमच्या अशा मुख्य फोल्डरचं नाव होतं 'आवक'.

हे सगळं बाहेरच्या कंपनीकडे ठेवता आलं असतं. पण अध्यक्ष, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "आपली पत्रं दुसऱ्याच्या घरी काहून ठेवायची?" मी म्हटलं, ठीक आहे, पण एका मशीनवर मी हे चालवणार नाही. ते बसलं की सगळ्या शाळा बसल्या. तीन मशीन द्या, आणि दारात उभं करायला एक छोटं. भांडून घेतली. तिघींची नावं मी थोरली, मधली आणि धाकटी ठेवली. दारातल्या छोटीचं नाव आत्याबाई.

तिघी मिळून एकच सर्व्हर असल्यासारख्या वागतात. कोणतं फोल्डर कोणाच्या खोलीत आहे हे बाहेरच्याला कळत नाही, कळायची गरजही नसते. तो दारात येऊन आत्याबाईला विचारतो. आत्याबाईच्या स्वतःच्या घरात काही नाही, पण कोणाच्या घरात काय ठेवलंय ते तिला तोंडपाठ. ती बराबर त्या खोलीत नेऊन सोडते. शिवाय एकीच्या खोलीतल्या फोल्डरची रोज एक नक्कल दुसरीकडे ठेवायची, म्हणजे एखादी आजारी पडली तरी काम अडत नाही. माझी सोळा वर्षांची नोकरी म्हणजे एवढंच. चालू असताना कोणाला दिसत नाही, बंद पडलं की सगळ्यांना माझा नंबर आठवतो.

सामायिक म्हणजे काय हे लोकांच्या गळी उतरवायला मात्र मला दोन वर्षं लागली. पहिल्याच महिन्यात गोरेगावच्या शाळेतल्या लिपिकाचा फोन आला. "मॅडम, माझी पत्रं कोनतरी उष्टी करून राहिलं."

झालं असं होतं की न वाचलेलं पत्र ठळक अक्षरात दिसतं, वाचलं की बारीक होतं. मी ठेवलेल्या व्यवस्थेत एकाने वाचलं की सगळ्यांकडेच ते बारीक होत होतं. हा बिचारा साडेदहाला संगणक उघडायचा, तर शिरड शहापूरवाल्याने दहालाच सगळं वाचून ठेवलेलं. मी ते बदललं. आता ज्याने त्याने वाचलेलं त्याच्यापुरतं. दुसऱ्या दिवशी आमचे मुख्य लिपिक माझ्या टेबलाशी उभे. "मी वाचलेलं पत्र गोरेगावात कोरं काहून दिसतंय? मग मी वाचलं याला पुरावा काय?"

आणि एका मंगळवारी एका मुख्याध्यापकांनी 'आवक'मधली सात वर्षांची पत्रं एका दमात काढून टाकली. जिल्हाभरातून फोन. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी माझ्याकडचीच काढली की. तुमच्याकडची तुमच्याकडं ऱ्हातेल." मी थोरलीकडच्या आदल्या दिवसाच्या नकलेवरून दुपारी तीनपर्यंत सगळं परत आणलं आणि त्यांना कळवलं. ते म्हणाले, "बघा, म्हनलं होतं ना, तुमच्याकडं असतेल." त्या दिवसापासून 'आवक'मधलं काही काढायचा अधिकार मी मुख्य लिपिकांशिवाय कोणाला ठेवला नाही.

आता मुख्य लिपिकांबद्दल. नाव कऱ्हाळे, गाव गोरेगाव, सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. पांढरा शर्ट, खिशात तीन रंगांची तीन पेनं, आणि बारा बाय चौदाच्या खोलीत त्यांचं टेबल. टेबलावर काच.

कार्यालयात नोकरी केलेल्या माणसाला ही काच काय असते ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. टेबलावर जाड काच टाकलेली असते. तिच्याखाली कॅलेंडर, देवाचा फोटो, फोन नंबरांची यादी आणि जे कागद कोणत्याही परिस्थितीत हरवता कामा नयेत ते. फाइलीतला कागद हरवतो, कपाटातला वाळवी खाते, काचेखालचा जागचा हलत नाही. आणि त्याचा एक शिरस्ता आहे. दुसऱ्याच्या काचेखालचा कागद कोणी ओढत नाही. भिंतींना रंग द्यायचा असला तरी टेबलाचा मालक येईपर्यंत रंगारी बिड्या ओढत बाहेर बसतात.

कागद गेले, सगळं मेलवर आलं, तसे बडेबाबू अस्वस्थ झाले. एक दिवस येऊन म्हणाले, "मॅडम, समदं दिलं तुमी. मला काच न्हाई दिली."

मी त्यांना 'आवक'च्या आत एक वेगळं फोल्डर करून दिलं. नाव 'काचेखाली'. अधिकार फक्त त्यांना. ते खूश झाले, पण तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी तीन अटी घातल्या आणि लेखी मागितल्या. त्यांच्या परवानगीशिवाय फोल्डर उघडायचं नाही, जागचं हलवायचं नाही, आणि त्याची नक्कल काढायची नाही.

"बडेबाबू, नक्कल तर पाहिजे. उद्या मशीन बिघडलं तर?"

"नक्कल झाली की गोष्ट फुटली, मॅडम. तीस वर्षं बघून राहिलो."

दोन दिवस वाद घातला. वास्तविक मी ठाम नाही म्हणायला पाहिजे होतं, ते माझं कामच होतं. पण त्याच सुमाराला कार्यालयात कुजबुज उठली होती की मॅडम सगळ्यांचे मेल वाचत बसतात. मला त्याचा इतका राग आला होता की मी सर्व्हरच्या खोलीबाहेर कागदच चिकटवला: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणाचंही काही उघडलं जाणार नाही. आता बडेबाबू तेच मागत होते, तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? घ्या, म्हटलं, आणि तिन्ही अटींवर सही ठोकली. चुकलंच माझं. माझ्या नियमाचा मला माज होता.

मी निवृत्त व्हायला दोन महिने होते तेव्हा हे सगळं अंगाशी आलं.

गुरुवारी सकाळी मी कुलूप काढत होते तर दारात रंजना खिल्लारे उभी. शिरड शहापूरच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. अकरा वर्षं शिकवत होती आणि अकरा वर्षं तात्पुरती होती. दर जूनला नवा आदेश, दर एप्रिलला संपला. पोरांना मात्र ती तात्पुरती आहे हे माहीत नव्हतं, त्यांच्या दृष्टीने बाई म्हणजे बाई. तिला कायम करायचा प्रस्ताव यंदा कसाबसा वर गेला होता.

"जय भीम, मॅडम."

"जय भीम. सकाळी सकाळी कशी काय?"

ती पहिल्या गाडीने आली होती. वरच्या कार्यालयात तिने फोन केला होता. तिथून सांगितलं, तुमचं पत्र संस्थेला पाठवून दहा दिवस झाले, संस्थेची पोचही आली. सोबत तुमच्या नावाचा नमुना आहे. तो भरून त्याच पत्राला उत्तर म्हणून उद्या, शुक्रवारी पाचच्या आत पाठवा. नाही आलं तर प्रस्ताव परत. पत्र पुन्हा मिळेल का, तर साहेब दौऱ्यावर, सोमवारी बघू.

"मी 'आवक' चारदा बघितलं, मॅडम. पत्र न्हाईच."

मी नोंदी काढल्या. सर्व्हर पत्राच्या आतलं सांगत नाही, पण कधी आलं आणि कुठे गेलं ते लिहून ठेवतो. आलं होतं. दहा दिवसांपूर्वी सकाळी अकरा दहाला 'आवक'मध्ये, अकरा वीसला 'काचेखाली'.

मी कपाळावर हात मारला. कारण मधलीची डिस्क महिनाभर कुरकुरत होती. नवी येईपर्यंत जोखीम नको म्हणून मी तिच्या खोलीतली सगळी फोल्डरं थोरली आणि धाकटीकडे हलवून तिला बंद करून ठेवलं होतं. सगळी, एक सोडून. 'काचेखाली' हलवायला परवानगी लागत होती आणि बडेबाबू पंधरा दिवसांच्या रजेवर होते. त्यामुळे आत्याबाई विचारणाऱ्याला एवढंच सांगत होती की हे फोल्डर मधलीच्या खोलीत आहे आणि खोली बंद आहे. नक्कल कुठेच नव्हती. मी सही करून दिली होती ना.

रंजनाला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग चालू करा मधली, आन् उघडा."

"मधली आता एकदाच उठेल, फार तर. उठली की फोल्डर लगेच बाहेर काढावं लागेल. आणि परवानगीशिवाय मी ते उघडत नाही."

"उघडता येतं का पन तुमाला?"

"येतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अकरा वर्षं समदे मला नियमच सांगून राहिले, मॅडम. तुमीबी सांगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या जागी मी असते तर माझ्यासारखीला दोन शब्द सुनावले असते. पण बडेबाबूंना दिलेला शब्द तिच्यासाठी मोडला, तर उद्या दुसऱ्या कोणासाठीही मोडता येईल, हेही कळत होतं. मी पर्स उचलली. "चल. गोरेगावला जाऊ."

फोन करून उपयोग नव्हता. बडेबाबू रजेवर गेले की फोन बंद करून रुमालात गुंडाळून कपाटात ठेवत, हे अख्ख्या संस्थेला माहीत होतं. आम्ही जीप धरली. ड्रायव्हर म्हणाला, मागे अजून दोघं बसतील, आणि चौघं बसवली. रंजनाच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू, माझ्या मांडीवर त्याच्या आईची पिशवी. लेकरू रंजनाची ओढणी चघळत होतं. तिने ती सोडवूनही घेतली नाही.

बडेबाबू दरवर्षी हळद शिजवायला रजा घेत. शेतात पोचलो तर कुकरच्या टाक्यांमधून वाफ निघतेय, पलीकडे शिजलेल्या हळदीचा ढीग वाळत पडलाय, आणि पांढऱ्या शर्टाऐवजी भोकाचं बनियन घातलेला माणूस फावड्याने ढीग पसरवतोय. मी त्यांना तीस वर्षांत बनियनवर पाहिलं नव्हतं. त्यांनीही मला पाहिलं आणि घाईघाईने टॉवेल अंगावर घेतला.

"मॅडम? तुमी इथं काहून? आग-बिग लागली का आपिसात?"

"रंजनाचं पत्र कुठे आहे, बडेबाबू?"

त्यांचा चेहरा खुलला. "हाय ना. एकदम बराबर हाय. पोरीचं अकरा सालाचं काम. 'आवक'मधी सतरा मानसं येऊन जातेत, कोनाचा हात लागला, इकडं-तिकडं झालं म्हंजी? म्हनून आल्या आल्या काचेखाली घातलं. पोचबी धाडली. रजेवरून आलो की पयलं तेच काम."

"तुम्ही ते लपवून बसलात."

"लपवलं न्हाई, मॅडम. जपलं."

"उद्या पाचपर्यंत उत्तर द्यायचं आहे त्याला. खाली मुदत लिहिलेली असणार."

त्यांनी फावडं खाली टेकवलं.  मग हळू आवाजात म्हणाले, "मी वरलं वाचलं. 'मान्यता देण्याबाबत' येवढं वाचलं आन् इतकी खुशी झाली की खालचं वाचलंच न्हाई." त्यांनी रंजनाकडे बघितलं. "बाई, माफ कर. तुझंच काम होतं म्हनून इतकं जपलं."

 रंजनाचे डोळे भरले होते आणि ते रागाने भरले होते, हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसलं.

मी डायरी पुढे केली. "परवानगी लिहून द्या. उघडायची, हलवायची आणि नक्कल काढायची. तिन्ही."

"आत्ता? हात बघा माझे."

"आत्ता."

त्यांनी उभ्याउभ्या लिहून दिलं. ते पान माझ्याकडे अजून आहे. अक्षर नेहमीसारखं वळणदार, आणि चारही कोपऱ्यांवर हळदीची पिवळी बोटं.

त्या दिवशी परतीची जीप मिळून हिंगोलीला पोचेपर्यंत रात्र झाली. शुक्रवारी सकाळी मी पोचले तर बडेबाबू माझ्या आधी दारात. शर्ट पांढरा, हात पिवळे. "काच माझी हाय," म्हणाले, "मीच उचलनार." त्यांनी सर्व्हरच्या खोलीबाहेर चपला काढल्या. ती खोली म्हणजे काही देऊळ नाही, पण मी काढू दिल्या. रंजना स्टूल घेऊन दारात बसली.

पहिल्यांदा चालू केली तर मधली नुसती कर्रकर्र करून थांबली. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. मी वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या, तिला तासभर थंड होऊ दिलं. बडेबाबूंनी डोळे मिटून हात जोडले होते.

"मॅडम," रंजना म्हणाली, "हात जोडून चालतं का हे?"

"आजवर चाललं नाही. पण आडवंही आलेलं नाही. जोडू दे त्यांना."

बाराला तिसऱ्या खेपेला ती उठली. आवाज असा की आत कोणी खडी चाळतंय. मी लगेच 'काचेखाली' धाकटीकडे हलवायला लावलं. पत्रं एकेक करून जायला लागली. पडद्यावर आकडा सरकत होता आणि आम्ही तिघं त्या आकड्याकडे टक लावून. दोन वाजता आकडा थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलेना. आतली खडखड वाढत चाललेली.

"काय अडकलं?" बडेबाबूंनी विचारलं.

मी बघितलं. एकच पत्र, पण भलतं मोठं. "बडेबाबू, यात फोटो आहेत. खूप."

ते खाली बघायला लागले. "नातवाचं बारसं हाय ते."

"कार्यालयाच्या फोल्डरमध्ये?"

"महत्त्वाचं होतं, मॅडम."

रंजना हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली. बडेबाबूंनी खिशातून रुमाल काढून तिला दिला. तोही पिवळा होता. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला नाही, फक्त माझ्या सहीचा आला. ते फोल्डर मी रीतसर नकलेत ठेवलं असतं तर आम्ही तिघंही एव्हाना जेवून मोकळे झालो असतो.

वीस मिनिटांनी बारसं पार पडलं. तीनच्या सुमाराला शेवटचं पत्र धाकटीकडे पोचलं. मी मधली बंद केली, ती पुन्हा कधी उठली नाही. धाकटीवरून पहिल्यांदा नक्कल काढून थोरलीकडे ठेवली, यापुढे ती तासातासाला निघेल अशी सोय केली, मगच बडेबाबूंना म्हटलं, या, उघडा. ते संकेतशब्द टाइप करताना मी सवयीने भिंतीकडे तोंड केलं.

"आता काय भिंतीकडं बघता," ते म्हणाले. "समदं तर तुमीच उचलून आनलं."

पत्र होतं. नमुना होता. रंजनाने तो भरला, बडेबाबूंनी तीन रंगांपैकी एकाही पेनाचा उपयोग नसताना तिन्ही हातात धरून प्रत्येक ओळ तपासली. अण्णांची सही घेतली, स्कॅन केली. चार चाळीसला उत्तर गेलं. चार बावन्नला पोच आली. त्या बारा मिनिटांत कोणी खुर्चीवर बसलं नाही.

पोच वाचून रंजना थेट बसस्टँडकडे निघाली, उद्या सकाळची शाळा होती तिची. बडेबाबू सुस्कारा टाकून फोल्डर मिटायला लागले, आणि ते मिटता मिटता माझी नजर यादीवर गेली. बघायचं नव्हतं, पण स्वतःचं नाव माणसाला लांबूनही दिसतं. 'पदनाम बदलून मिळणेबाबत विनंती अर्ज.' प्रेषक, पाईकराव. म्हणजे मी. नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

"बडेबाबू, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "तुमचा अर्ज."

"हा अण्णांकडे गेलाच नाही?"

"अण्णा तवा मुंबईला होते. म्हनलं, आले की हातात देऊ. मधी इकडं-तिकडं व्हायला नको म्हनून..." ते थांबले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

मी नऊ वर्षं अण्णांशी फुगून होते. त्या माणसाने माझा अर्ज पाहिलाही नव्हता. दर दिवाळीला ते फराळाला बोलवत आणि मी काही ना काही सबब सांगत असे. मी बडेबाबूंना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, दिवाळी अंक घरातल्या लेकरांच्याही हातात पडतो. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. शेवटी म्हणाले, "नऊ वर्षं मी तुमाला सर्व्हरच्या खोलीत येता-जाता बघत होतो, मॅडम. एकदाबी तुमी विचारलं न्हाई." ते खरं होतं, म्हणून मला अजून राग आला.

दोन महिन्यांनी माझा निरोपसमारंभ झाला. रंजना शिरड शहापूरहून पेढे घेऊन आली, आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला कायम नेमणुकीचा आदेश. तिने तो मला वाचायला दिला आणि मी वाचत असताना एक कोपरा धरून ठेवला. अण्णांची मी माफी मागितली, ते म्हणाले, मला वाटलं तुम्हाला आमच्याकडचा चिवडा आवडत नाही.

भाषणं चालली होती तेव्हा बडेबाबू सारखे माझ्याकडे बघून हसत होते. काही केल्या त्यांचं हसू जाईना. चहाच्या वेळी जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, मेल बघितला का?"

"कुठला मेल? माझा मेल मी बाराला बंद केला."

"बंद?"

"माणूस ज्या दिवशी जातो त्या दिवशी दुपारी बाराला त्याचं खातं बंद. नियम माझाच आहे, मी स्वतःला कसा सोडू?"

त्यांचं हसू मावळलं. ते त्यांच्या संगणकाकडे गेले, मी मागोमाग. त्यांनी तो अर्ज सकाळी अण्णांपुढे ठेवून मंजूर करून घेतला होता. दोन वाजता आदेश निघाला होता, आजच्या तारखेपासून पदनाम 'प्रणाली अधिकारी'. मला चकित करायचं म्हणून तोंडी कोणाला सांगितलं नव्हतं, नुसता मेल धाडला होता. आणि तो दोन वाजून एक मिनिटाने परत आला होता. सोबत सर्व्हरचं उत्तर, जे काही वर्षांपूर्वी मीच मोठ्या हौसेने मराठीत लिहून ठेवलं होतं: 'या नावाचं इथे कोणी राहत नाही. पत्ता तपासून पुन्हा पाठवा.'

आम्ही दोघं त्या ओळीकडे बघत उभे राहिलो. मला हसू आलं.

"परत आलेला आदेश कुठे ठेवलात?" मी विचारलं.

ते चष्मा पुसायला लागले.

"बडेबाबू."

"काचेखाली," ते म्हणाले. मग घाईने, "परिंट काढून देऊ का? आत्ता देतो. सेवापुस्तकातबी चढवतो."

पाच वाजायला आले होते. बाहेर रंजना पेढ्यांचा पुडा घेऊन माझी वाट बघत होती.

"महत्त्वाचं आहे का ते?" मी विचारलं.

"म्हंजी काय, मॅडम. लई महत्त्वाचं हाय."

"मग राहू द्या तिथेच," मी म्हटलं. "नक्कल आहे थोरलीकडे."